शिवाजी महाराजांचा सिनेमा पाहून आल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर

ए-१०२ काकू : काल रात्रीच्या शोला आपलीच निम्मी सोसायटी होती. राज्याभिषेकाला अख्खं थिएटर उभं राहिलं हो! अजून अंगावर काटा येतोय.

सी-५०१ : खरंय काकू. फक्त अफजलखानाच्या भेटीला एवढ्या घोषणा झाल्या की संवाद कानावरच पडले नाहीत.

डी-२०४ : नाही पडले तर काय बिघडलं? तो प्रसंग आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. महाराज पडद्यावर आले की माणसाच्या तोंडून घोषणा निघणारच. मी पण दिल्या, आणि पुढच्या वेळीही देणार.

बी-३०३ : दादा, घोषणांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण माझी मुलगी आठ वर्षांची आहे. कोथळ्याचा सीन इतक्या जवळून आणि इतका वेळ दाखवलाय की ती माझ्या कुशीत तोंड लपवून बसली. लहान मुलं येणार हे माहीत असताना एवढं रक्त कशाला?
घरी आल्यावर मात्र तिने विचारलं, "आई, महाराजांनी एवढे किल्ले देऊन का टाकले?" सिनेमात पुरंदरचा तह दोन मिनिटांत संपला. सर, तुम्ही सांगाल का? तिला तुमच्या तोंडून ऐकायचंय.

ए-४०१ सर : ताई, तिला माझ्याकडून शाबासकी द्या. काल थिएटरात नेमक्या त्याच वेळी लोक उठून बाहेर जायला लागले, ते मला फार लागलं.
तिला असं सांगा. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान प्रचंड फौज घेऊन आले. पुरंदरला वेढा पडला. मुरारबाजी देशपांडे लढता लढता पडले. भोवतालची गावं जाळली जात होती. लढत राहिलो तर किल्लाही जाईल आणि माणसंही जातील, हे महाराजांनी ओळखलं. जूनमध्ये तह झाला. २३ किल्ले आणि चार लाख होन (सोन्याची नाणी) उत्पन्नाचा मुलूख मोगलांना गेला, महाराजांकडे १२ किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख उरला. मोगलांची मनसब, म्हणजे त्यांच्या चाकरीतला हुद्दा, संभाजीराजांच्या नावे घ्यावी लागली. ते तेव्हा तुमच्या मुलीच्याच वयाचे होते.
किल्ले गेले तरी परत घेता येतात, माणसं परत येत नाहीत. माझ्या मते महाराजांच्या आयुष्यातल्या सगळ्यात कठीण निर्णयांपैकी हा एक. तो दोन मिनिटांत उरकणं मला पटलं नाही.

डी-२०४ : सर, तुमचा मान राखून बोलतो. तीन तासांत किती दाखवणार? माझे वडील गावाहून आलेत, त्यांना मुद्दाम घेऊन गेलो होतो. बाजीप्रभू खिंडीत उभे राहिले तेव्हा ते हमसून हमसून रडले. त्यांनी इतिहासाचं पुस्तक कधी हातात धरलेलं नाही. त्यांना महाराज भेटले ते जत्रेतल्या पोवाड्यात. हा सिनेमा त्यांच्यासाठी तसाच आहे.

ए-४०१ सर : वडिलांना माझा नमस्कार सांग. त्यांच्या रडण्यात मला काहीही कमी वाटत नाही. अफजलखानाच्या वधाचा पोवाडा तर महाराजांच्या हयातीतच गायला गेला, तेव्हा ही रीत आपल्याकडे तितकीच जुनी आहे. माझं म्हणणं एवढंच, की पराक्रमाला टाळ्या पडतात आणि राज्य उभं करण्याच्या कामाला कॅमेराच मिळत नाही. लढाया जिंकणारे सरदार त्या काळात पुष्कळ होते. महाराजांना संस्थापक म्हणायचं ते त्यांनी राज्य उभं केलं म्हणून.

सेक्रेटरी : मध्येच एक सूचना. उद्या टाकी धुणार आहेत, सकाळी १० ते १ पाणी बंद. चर्चा चालू द्या, छान चाललीये.

सी-५०१ : मला आणखी एक खटकलं. शत्रूची माणसं सगळी एकाच साच्यातली, काळोखात दात विचकणारी. मग दौलतखान कुठे गेला? तो महाराजांच्या आरमाराचा सरदार होता. काझी हैदर फारसी पत्रव्यवहार बघायचा. एका वाक्यात जरी उल्लेख आला असता तरी आपल्या बिल्डिंगमधल्या सगळ्या मुलांना बरं वाटलं असतं. काल ती सगळी एकाच रांगेत बसली होती.

डी-२०४ : हे मान्य. दौलतखान दाखवायला हवा होता.

ए-१०२ काकू : मला मेली शेवटी जिजाऊंच्या चेहऱ्यावरचं हसू बघवेना. पुढचं माहीत होतं ना. ६ जूनला राज्याभिषेक, आणि १७ जूनला पाचाडात त्या गेल्या. लेकाला सिंहासनावर बसलेलं पाहायला जेमतेम तेवढे दिवस मिळाले त्या माउलीला.

ए-४०१ सर : वहिनी, अगदी खरं. त्या दरबाराला हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रजांचा वकील हजर होता. त्याने लिहून ठेवलंय की सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना मुलामा दिलेल्या भाल्यांवर राजचिन्हं होती. उजवीकडे मोठ्या दातांची सोन्याची दोन मत्स्यमुखं, डावीकडे घोड्यांची शेपटं आणि सोन्याचा तराजू. दाराशी दोन लहान हत्ती होते, ते एवढ्या अवघड वाटेने गडावर आणले कसे याचं त्याला नवल वाटलं. सिनेमात फुलं होती, गाणं होतं, उंचावरून घेतलेलं दृश्य होतं. तराजू नव्हता. सिंहासनाशेजारी न्यायाचं चिन्ह होतं, ते मुलांना दिसायला हवं होतं.

बी-३०३ : सर, तिला पुरंदरचं वाचून दाखवलं. आता विचारतेय, बारा किल्ल्यांवरून परत एवढं मोठं राज्य कसं झालं?

ए-४०१ सर : सिनेमा आग्र्याहून सुटका झाल्यावर उडी मारून थेट सिंहगडावर जातो. मधली वर्षं गाळलीत, आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर त्याच वर्षांत आहे. १६६६ च्या ऑगस्टमध्ये महाराज आग्र्याहून निसटले. आल्या आल्या तलवार उपसली नाही. सुमारे तीन वर्षं मोगलांशी सलोखा ठेवून राज्याची घडी बसवली. मग १६७० च्या ४ फेब्रुवारीला सिंहगड आणि ८ मार्चला नीळोपंतांनी पुरंदर घेतला. चार वर्षांत सिंहासन उभं राहिलं.
आणि ही घडी कशी होती ते तिला एका पत्रातून सांगा. १६७६ साली महाराजांनी कोकणातल्या प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलं : गावोगाव फिरा, कुणबी गोळा करा. ज्याच्यात कष्ट करायची ताकद आहे पण बैल नाही, त्याला बैलासाठी पैसे द्या. पोटाला धान्य द्या. वाढीदिढी, म्हणजे व्याज, लावू नका. मुद्दल तेवढं घ्या, तेही त्याला जसजशी ऐपत येईल तसं हळूहळू. शब्द माझे आहेत, आशय पत्रातला.

बी-३०३ : हे तर तिला लगेच कळलं. "बैल पण दिले?" म्हणाली.

डी-२०४ : सर, हे मूळ पत्र तुमच्याकडे असेल तर फोटो टाका ना. वडील उद्या दुपारच्या एसटीने निघतायत. त्याआधी त्यांना वाचून दाखवतो.

ए-४०१ सर : संध्याकाळपर्यंत टाकतो. जुन्या वळणाची भाषा आहे, अडलं तर फोन कर.