न्हाणीघरासाठी नैसर्गिक गोट्यांची लादी घ्यावी का?

मुलुंडकर
नमस्कार. मुलुंडमधील आमची इमारत जवळपास ३० वर्षांची असून यंदा पावसाळा संपल्यावर न्हाणीघराचे काम काढायचे ठरले आहे. न्हाणीघर ७ फूट बाय ४ फूट आहे. आईचे वय ७४ असून सध्याच्या गुळगुळीत लादीवरून ती दोनदा घसरली, त्यामुळे जमीन पायाला धरून ठेवणारी असावी, ही माझी पहिली अट आहे.

दुकानात जाळीवर चिकटवलेल्या नैसर्गिक गोट्यांच्या एक फूट चौरस लाद्या पाहिल्या आणि त्या मनात भरल्या. त्यात एक प्रकार काळ्या-राखाडी गोल गोट्यांचा आहे, तर दुसऱ्यात पांढरे गोटे वरून सपाट कापलेले आहेत. दुकानदाराच्या म्हणण्यानुसार दोन्ही दगड अस्सल आहेत आणि दोन्ही न्हाणीघरात चालतात. आमच्याकडे शॉवर असला तरी पाण्याच्या वेळा पाहता आम्ही सारे बादलीनेच अंघोळ करतो. अशी लादी रोजच्या वापरात स्वच्छ राहते का, या दोहोंपैकी कोणती घ्यावी आणि खालच्या घराच्या छताला ओल येण्याचा धोका वाढतो का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

चाफेकळी
आपण बादलीचा उल्लेख केलात हे फार बरे झाले, कारण दुकानात हा विषय निघतच नाही. आम्ही गोरेगावच्या घरी ६ वर्षांपूर्वी संपूर्ण न्हाणीघरात गोल गोट्यांची लादी बसवली. पहिल्याच सकाळी लक्षात आले की भरलेली बादली दोन-तीन गोट्यांच्या टोकांवर टेकते आणि तांब्या बुडवला की एका अंगाला कलते. सासूबाईंचे प्लास्टिकचे स्टूलही तसेच डुगडुगू लागले. पाय घसरण्याची भीती गेली, पण बसण्याची भीती आली. शिवाय त्यांच्या टाचांना गोटे टोचत. अखेर बादली आणि स्टूल यांच्या जागेपुरती लादी काढून तिथे खडबडीत ग्रॅनाइट बसवावा लागला. म्हणून आपल्या आईंसाठी गोल गोटे घेऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. वरून सपाट कापलेले, पण पॉलिश न केलेले गोटे घ्यावेत. पायाला पकड मिळते ती मुख्यतः गोट्यांमधल्या असंख्य सांध्यांमुळे, आणि ते सांधे सपाट प्रकारातही तितकेच असतात.

आता दगडाविषयी. काळा गोटा बेसॉल्टचा असेल, तर तो आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्याच जातीचा. ज्या पाट्यावर पिढ्यान्‌पिढ्या चिंच आणि कैरी वाटली, त्या पाट्याला आंबटाने काही झाले नाही. याउलट संगमरवरी ओट्यावर लिंबाची फोड थोडा वेळ राहिली, तरी तिथली चकाकी कायमची जाते. पांढरे गोटे बहुधा संगमरवराचे असतात. दुकानदाराकडून एक सुटा गोटा मागून घ्या, त्यावर लिंबू पिळा आणि पाच-दहा मिनिटांनी पुसून पाहा. बारीक बुडबुडे आले किंवा डाग निस्तेज पडला, तर तो दगड ॲसिडला टिकणार नाही. दुसऱ्या गोट्यावर पाण्याचा थेंब ठेवा. ती जागा लवकर गडद झाली, तर दगड पाणी पितो असे समजावे. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग उतरतो का, हेही पाहावे, कारण रंगवलेले गोटेही बाजारात मिळतात.

हे सारे मी सांगते, त्याला कारण आहे. आम्ही भिंतीच्या कडेने पांढऱ्या गोट्यांची पट्टी दिली होती. घरकामाच्या ताईंनी सवयीप्रमाणे ॲसिड ओतून जमीन घासली आणि एकाच धुण्यात ती पट्टी खडूसारखी झाली. चूक त्यांची नव्हती, आम्हीच त्यांना सांगितले नव्हते. आता सौम्य साबणाचे पाणी आणि नायलॉनचा मऊ ब्रश एवढेच वापरतो. आठवड्यातून एकदा सांध्यांत बसलेला साबण घासून काढावाच लागतो, नाहीतर ते काळे पडतात. हे काम नेमाने होणार नसेल, तर ही लादी घेऊ नये.

बांधकाम_पर्यवेक्षक
वरील अनुभव अगदी योग्य आहे. मी ओलीच्या प्रश्नाबद्दल लिहितो. गोट्यांची लादी पाणी अडवत नाही, किंबहुना सांधे जास्त असल्यामुळे साध्या लादीपेक्षा तिच्यातून अधिक पाणी खाली झिरपते. पाणी अडते ते तिच्याखालच्या वॉटरप्रूफिंगमुळे. जुनी लादी उखडताना ठोके बसून खालचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) आणि त्यावरचा थर अनेकदा तडकतो, म्हणून ‘वरची लादीच बदलायची आहे’ या समजुतीने मिस्त्रीला काम देऊ नये. नवे वॉटरप्रूफिंग झाल्यावर नहाणी ट्रॅपचे (जमिनीतून पाणी वाहून जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचे) तोंड बंद करून पाणी भरावे, निदान ४८ तास तसेच ठेवावे आणि खालच्या घरी जाऊन छत स्वतः पाहावे. काम सुरू करण्यापूर्वी सोसायटीला लेखी कळवावे. न्हाणीघरातून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती त्या सदस्याला स्वखर्चाने करावी लागते.

ढाळ मात्र नेहमीपेक्षा थोडा जास्त हवा. गुळगुळीत लादीवरून जे पाणी सहज वाहून जाते, ते गोट्यांमध्ये अडते आणि साचते. फुटाला पाव इंच ढाळ धरावा, म्हणजे ४ फुटांत १ इंच.

बसवण्याचा क्रम बिघडला, तर चांगला दगडही वाया जातो. आधी सर्व लाद्या कोऱ्या जमिनीवर नुसत्या मांडून पाहाव्यात. दोन लाद्यांच्या मध्ये जिथे सरळ रेघ दिसते, तिथले काही गोटे जाळीवरून सोडवून हाताने मिसळून लावावेत, नाहीतर पुढे जमिनीवर चौकोन उमटून दिसतात. याला वेळ लागतो आणि मिस्त्री कंटाळतात, म्हणून हे काम आपल्या देखत करून घ्यावे. दगड पाणी पिणारा असेल, तर ग्राउट (सांधे भरायचे मिश्रण) भरण्यापूर्वी त्यावर सीलरचा (दगडात पाणी मुरू न देणाऱ्या द्रवाचा) हात द्यावा, म्हणजे ग्राउटचा रंग दगडात मुरत नाही. ग्राउट पूर्ण वाळल्यावर पुन्हा एक हात द्यावा. मुंबईच्या दमट हवेत वाळायला वेळ लागतो, तेव्हा घाई करू नये. साध्या लादीच्या हिशेबाने आणलेले ग्राउट इथे अर्ध्यातच संपते. इपॉक्सी (सिमेंटऐवजी रेझिनचे) ग्राउट महाग असले तरी ते पाणी शोषत नाही. मात्र गोट्यांवर सांडलेले इपॉक्सी त्याच वेळी पुसावे लागते, कारण ते कडक झाल्यावर निघता निघत नाही.

मुलुंडकर
दोघांचेही मनःपूर्वक आभार. लिंबाची परीक्षा आजच केली. पांढरा गोटा निस्तेज झाला आणि काळ्यावर काहीच उमटले नाही. त्या दुकानात काळे गोटे सपाट कापलेले नव्हते, पण मागवून देतो म्हणाले. आता विचार असा आहे की शॉवरखालच्या ३ फूट बाय ४ फूट भागातच सपाट काळे गोटे बसवावेत आणि बादली व स्टूल ठेवायच्या उरलेल्या जागेत खडबडीत साधी लादी घ्यावी. पण आई स्टुलावरून उठून दाराकडे येईल, तेव्हा तिला दोन्हींच्या जोडावर अडखळायला होईल का?

बांधकाम_पर्यवेक्षक
दोन्हींची जाडी वेगळी असेल, तर नक्कीच होईल. म्हणून गोटे आणि लादी दोन्ही हातात घेऊन जाडी मोजा आणि जो फरक येईल तो खालच्या थरात भरून काढायला मिस्त्रीला सांगा. जोडावर पट्टी किंवा उंबरा ठेवू नका. लाद्या बसवून झाल्यावर डोळे मिटून त्या जोडावरून अनवाणी पाय फिरवून पाहा. पायाला कड लागली, तर ग्राउट भरण्यापूर्वीच ती दुरुस्त करून घ्या.

चाफेकळी
१२ चौरस फुटांसाठी १४ लाद्या घ्या आणि त्या एकाच वेळी, एकाच मालातील घ्या, कारण पुढच्या मालात दगडाची छटा बदलते. नहाणी ट्रॅपभोवती दगड कापायची गरज फारशी पडत नाही, लहान गोटे जाळीवरून सोडवून गोलाकार लावता येतात. काम संपल्यावर उरलेल्या लाद्या मिस्त्रीला देऊन टाकू नका. आमच्याकडे दोन वर्षांनी ट्रॅपजवळचे तीन गोटे सुटले, तेव्हा माळ्यावर ठेवलेल्या उरलेल्या लादीतूनच त्याच छटेचे गोटे मिळाले.