घाटातले एआय कॅमेरे राहिलेच पाहिजेत, पण चलानावर सही कोणाची?

खोपोलीकर:
मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर जुलै 2024 पासून आयटीएमएस चालू आहे, म्हणजे गँट्रीवरचे (रस्त्यावर आडव्या उभारलेल्या लोखंडी कमानीवरचे) कॅमेरे नंबर प्लेट वाचणार, स्पीड मोजणार, सीटबेल्ट मोबाईल लेन असे 17 प्रकारचे गुन्हे पकडणार आणि चलान थेट मालकाच्या मोबाईलवर. तेव्हापासून जो तो एकच बोलतोय, वसुली चालू आहे, कॅमेरे काढा. मला हे अजिबात पटत नाही. आम्ही घाटाखाली राहतो. भरलेला ट्रेलर न्यूट्रलला टाकून उतार सोडतात, थोडं डिझेल वाचावं म्हणून, ब्रेकचे लायनर तापतात आणि खाली येईपर्यंत ब्रेक लागतच नाही, पुढे कोणाची तरी बायकापोरांनी भरलेली कार असते. असल्या रस्त्यावर प्रत्येक वळणाला हवालदार उभा करणार का? आणि केला तरी शंभरने येणाऱ्या गाडीला हात दाखवायचा म्हणजे त्याच्याच जिवावर बेतायचं. हे काम मशीननेच करायला पाहिजे.
त्यातल्या त्यात ॲव्हरेज स्पीडचा प्रकार मला सगळ्यात आवडला. कॅमेरा दिसला की ब्रेक आणि मागे पडला की परत 130, हे त्यात चालत नाही. दोन कॅमेऱ्यांत 10 किमी असतील आणि तुम्ही 5 मिनिटांत पोचलात तर तुम्ही 120 नेच आलात, वाद कसला घालणार.

मल्टीॲक्सलवाला:
दादा तुम्ही घाटाखाली राहता, आमच्या गाड्या रात्रंदिवस घाटातच असतात. न्यूट्रल मारणाऱ्याला मी पण माफ करत नाही, माझ्याकडे असा ड्रायव्हर टिकत नाही. पण जड गाडीला घाटात 40 ची लिमिट, कारला 60. माल भरलेला असला की उतारावर काटा जरा पुढे सरकतोच, मागून कारवाले हॉर्न मारत असतात, त्यात तो चार-पाचने पुढे गेला की झालं चलान. ओव्हरस्पीडला कायद्यात जड गाडीसाठी दोन ते चार हजार आहेत. एका फेरीत मागे काय उरतं ते धंद्यातल्या माणसाला विचारा. ड्रायव्हर दुसरी गाडी धरतो, दंड मालकाच्या नावावर राहतो, आणि आरसीवर जुना मोबाईल नंबर असेल तर कळतं कधी, पासिंगला गेल्यावर. जुलै 2025 मध्ये वाहतूकदारांनी ई-चलानवरून संप केला तो हौसेने नाही केला. आणखी एक, लेनचा दंड लावता, पण डाव्या लेनमध्ये एखादी गाडी बंद पडलेली असते तेव्हा आम्ही कुठून जायचं? फोटोत आम्ही दिसतो, ती बंद गाडी दिसतेच असं नाही.

खोपोलीकर:
ज्या गिअरने घाट चढता त्याच गिअरने उतरायचं, हे जुने ड्रायव्हर पोरांना पहिल्या दिवशी सांगतात. तसं उतरलं तर काटा 40 च्या पुढे जायचं कारण नाही. आणि ओव्हरटेकसाठी मधली लेन जड गाडीला आहेच, प्रॉब्लेम आहे तो अगदी उजव्या लेनमध्ये जाऊन तिथेच रेंगाळणाऱ्यांचा. मागे पाच किमी लाईन लागते.

कोचीतला_मराठी:
इकडे केरळमध्ये जून 2023 ला राज्यभर 726 कॅमेरे चालू झाले, त्यातले 675 एआयवाले, मुख्यतः हेल्मेट, सीटबेल्ट आणि मोबाईलसाठी. पहिलाच मोठा वाद झाला तो स्कूटरवर आईबापाच्या मध्ये बसलेल्या पोराचा. कायद्याने दुचाकीवर तिसरा माणूस चालत नाही. आजवर पोलीस बघून सोडून द्यायचे, कॅमेरा सोडणार नाही. शेवटी मंत्र्यांना जाहीर करावं लागलं की 12 वर्षांखालचं मूल तिसरं असेल तर केंद्राचं उत्तर येईपर्यंत दंड नाही. माझ्या मते मशीन आणलं की आधी नियम तपासून घ्यावे लागतात, कारण पोलीस जिथे समजून घेत होता तिथे आता कोणीच समजून घेणार नाही. घाटातली 40 ची लिमिट पण अशीच परत तपासा ना, कोणत्या उताराला किती. आणि इथे फोटो आधी कंट्रोल रूममध्ये माणसं बघतात, मग नोटीस जाते, ही पद्धत मला योग्य वाटते.

नियम_१६७:
माझा विरोध कॅमेऱ्याला नाही, अर्धवट अंमलबजावणीला आहे. केंद्राने ऑगस्ट 2021 ला मोटर वाहन नियमांत 167ए टाकला. त्यात लिहिलंय की असं यंत्र बरोबर चालतंय याचं राज्याने नेमलेल्या यंत्रणेकडून प्रमाणपत्र पाहिजे आणि ते दरवर्षी नवं करून घ्यायचं, कॅमेरा असल्याचा बोर्ड रस्त्यावर ठळक दिसला पाहिजे, नोटिशीत प्लेट दिसणारा फोटो, यंत्राने मोजलेला आकडा, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र, ज्यावर राज्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची सही. म्हणजे निर्णय मशीनचा नाहीच, सही करणाऱ्या माणसाचा आहे. माझ्या ओळखीत एकाला एका शहरातून चलान आलं, फोटोत दुसऱ्याच कंपनीची गाडी, प्लेटवरचा 8 वाचला 3. तो फोटो कोणी दोन सेकंद बघितला असता तरी ते गेलं नसतं. यंत्राची चूक सगळे समजून घेतील, पण न बघता पुढे ढकलणं कसं समजून घ्यायचं?
आणि ॲव्हरेज स्पीडचं कौतुक करताय तर हे पण लक्षात घ्या, ते काढायला प्रत्येक गाडीचा नंबर आणि वेळ नोंदवावी लागते, गुन्हा केलेली असो वा नसो. ही नोंद किती दिवस ठेवणार? 2023 च्या डेटा कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट द्यायची सोय आहे, म्हणून हे राज्याने स्वतःहून जाहीर करायला पाहिजे.

सीताबर्डी:
काऊन भाऊ, एआय म्हटलं की सगळे दंडावरच येऊन थांबता. आमच्या नागपुरात 2021 ला आयरास्ते प्रोजेक्ट चालू झाला, मनपाच्या बसमध्ये यंत्र बसवलं, पुढची गाडी फार जवळ आली की ड्रायव्हरला तिथल्या तिथे इशारा. आणि हे इशारे कुठे जास्त वाजतात त्यावरून अपघात व्हायच्या आधीच धोक्याच्या जागा हुडकायच्या, ग्रे स्पॉट म्हणतात त्याले. माणूस मेल्यावर ब्लॅक स्पॉटचा बोर्ड लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं आहे. घाटातल्या ट्रकांत असं काही लावा, मग 4000 मागायची पाळीच येणार नाही.

सिग्नल_पुणे:
सीताबर्डी, अगदी मनातलं बोललात. पुण्यात सव्वाशेच्या आसपास चौकांत एटीएमएस आहे, कॅमेरा प्रत्येक बाजूच्या गाड्या मोजतो आणि त्याप्रमाणे हिरवा कमीजास्त होतो. ऐकायला छान. पण तो मोजतो गाड्या, माणसं नाही. पीएमपीच्या बसमध्ये पन्नास लोक उभे आहेत तरी ती एकच गाडी, शेजारी एकटा माणूस कारमध्ये ती पण एकच गाडी. आणि रस्ता ओलांडायला थांबलेली आजी त्या हिशोबातच नाही. पैसा लावायचाच तर आधी बसला हिरवा द्यायला लावा, दंडाच्या कॅमेऱ्यांचं नंतर बघू.

खोपोलीकर:
नंतर का? शहरातला सिग्नल चुकला तर दहा मिनिटं जातात, घाटात ब्रेक फेल झाला तर माणसं जातात. बसचं करा ना, कोण नको म्हणतंय, पण त्यासाठी घाट का थांबवायचा? १६७ यांचं सहीचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे, नियमात आहे तर झालंच पाहिजे. ट्रकमध्ये इशारा देणारं यंत्र पण चांगलंच, फक्त ते न ऐकणाऱ्याचं काय हा प्रश्न राहतो.

मल्टीॲक्सलवाला:
माझ्या गाड्यांत असं यंत्र बसवायला मी उद्या तयार आहे, अर्धा खर्च पण देतो. चलानासोबत फोटो, मोजलेला स्पीड आणि सहीचं प्रमाणपत्र आलं तर महिन्याच्या आत भरीन, लोकअदालतीत अर्ध्यावर सेटल व्हायची वाट बघणार नाही. पण 40 वर मी अडूनच राहणार. आधी एखादा इंजिनिअर आमच्या केबिनमध्ये बसवा, भरलेल्या गाडीत, रात्रीचा, पावसात, आणि खंडाळ्यापासून खालापूरपर्यंत उतरू दे, मग लिमिट ठरवा. आणि चढाला गाडी गरम झाली तर बाजूला घ्यायला नीट जागा करा, ती नसेल तर त्याचा दंड कोणाला लावायचा ते पण सांगा.