मदत हवी आहे: 'इझी रायडर'मधल्या चॉपरची प्रतिकृती करायची आहे, हाताशी काकांची बुलेट (नागपूर)

संत्रानगरीकर

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबेल. प्रश्न एकच नाही, आणि त्यावरून घरात दोन पक्ष पडले आहेत.

काका मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झाले. हात अजून पक्का आहे. आर्गन वेल्डिंगचं मशीन घरी आहे, लेथचं काम हिंगणा एमआयडीसीतल्या ओळखीच्या टर्नरकडे होऊन जातं. अंगणात त्यांची नव्वदच्या दशकातली कास्ट आयर्न इंजिनवाली बुलेट ३५० उभी आहे. एमएच-३१ पासिंग, पुनर्नोंदणी झालेली, विमा चालू. म्हणजे कागदोपत्री गाडी धडधाकट.

करायची आहे ती १९६९ च्या 'इझी रायडर'मधली पीटर फोंडाची 'कॅप्टन अमेरिका' नावाची चॉपर, म्हणजे पुढून लांब ताणलेली मोटारसायकल. ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी: लांबच लांब पुढे गेलेला फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन पाईप), छोट्या टाकीवर अमेरिकेचा झेंडा रंगवलेला (याच टाकीत ते पैशाची नळी लपवतात), मागे उंच पाठटेकू, वर वळलेले माशाच्या शेपटीसारखे सायलेन्सर. मागे शॉकप नाहीत, पुढे ब्रेक नाही, पुढे मडगार्डही नाही. काकांनी हा सिनेमा तरुणपणी पाहिला आणि तेव्हापासून डोक्यात बसलेली गाडी आहे ही. मला म्हणाले, "तू फक्त नेटवरून मापं काढून दे, बाकीचं मी पाहतो."

मापांपाशीच गाडी अडली. सिनेमासाठी अशा चार गाड्या बनवल्या होत्या, दोन फोंडासाठी आणि दोन त्याचा सहकलाकार डेनिस हॉपरसाठी. पोलिसांच्या लिलावात घेतलेल्या जुन्या हार्ले-डेव्हिडसन, पॅनहेड इंजिनवाल्या, बनवणारे लॉस एंजेलिसचे बेन हार्डी आणि क्लिफर्ड व्हॉन्स. दोघेही कृष्णवर्णीय, आणि कित्येक दशकं सिनेमाच्या इतिहासात दोघांचं नाव कुठेच नव्हतं. पोस्टर जगभर गेलं, गाडी कोणी बनवली ते कोणी विचारलं नाही. चारपैकी तीन गाड्या चोरीला गेल्या आणि चौथी शेवटच्या दृश्यात खलास झाली. मग मापं घ्यायची कशाची? नेटवर जे ड्रॉइंग सापडून राहिले त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. एकात फोर्कचा कोन एक, दुसऱ्यात भलताच.

आता प्रश्न. बुलेटची मान (चेसिसचा फोर्क बसतो तो पुढचा भाग) कापून रेक, म्हणजे मानेचा तिरपा कोन, वाढवायचा काकांचा बेत आहे. माझं म्हणणं, मान तशीच ठेवून वरचा-खालचा टी (फोर्कचे पाईप मानेला पकडणारा क्लॅम्प) कोनात बनवून घ्यावा, म्हणजे चेसिसला हात लागणार नाही. कोण बरोबर? शॉकपचे लांब पाईप नागपुरात कोणी करून देतं का? आरटीओचं काय? गिरीपेठच्या ऑफिसात विचारायला गेलो तर काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं की मी पत्ता बदलण्याचा फॉर्म घेऊन परत आलो.

शेवटचं म्हणजे, काकांना ही गाडी चालवायची आहे. रविवारी सकाळी फुटाळा, जमलं तर रामटेक. नुसती उभी ठेवायची नाही.

तर्री_पोहे

भाऊ, शोलेवाली काऊन नाही करत? बीएसए डब्ल्यूएम-२०, साईडकार, मागे मित्र बसवा आणि गात जा.

संत्रानगरीकर

मित्र आहेत, पण सगळे ९० किलोच्या वर आहेत. आणि साईडकार जोडली की तोही आरसीत बदलच झाला ना.

बुलेटवेडा

आधी चेसिसचं बोलू, बाकी मागून. काकांना म्हणा, ग्राइंडर खाली ठेवा. बुलेटचा चेसिस नंबर पंच केलेला असतो तो मानेवरच. रेक वाढवायला जिथे कापायचं, नेमकी तीच जागा. ती कापली, वाकवली, नवीन पट्टी मारून परत वेल्ड केली, की नंबर एकतर जातो नाहीतर छेडछाड केल्यासारखा दिसतो. मग तुमची स्वतःची गाडी तुमचीच आहे हे सिद्ध करायला तुम्हालाच धावावं लागतं. चौकात पोलिसाने टॉर्च मारला की पहिली नजर तिथेच जाते.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आरसीतला तपशील आणि कंपनीचं मूळ स्पेसिफिकेशन यात फरक पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दर बदलामागे, हे नीट वाचा. फोर्क, मागचे शॉकप काढणं, टाकी, सायलेन्सर, मोजत बसा. आणि उद्या कुणाला धक्का लागला तर विमावाले पहिला फोटो गाडीचाच मागतील.

हिंगणा_रोड

वर जे लिहिलं ते बरोबर, पण धागाकर्त्याने जो दुसरा उपाय सांगितला (मान तशीच, टी कोनात) तो मला जास्त धोक्याचा वाटतो. काकांच्या बेतापेक्षाही. सगळ्यांना तो सोपा वाटतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चालवताना हँडल सरळ राहतं ते ट्रेलमुळे. मानेच्या आसाची रेघ जमिनीपर्यंत खाली ओढा. चाक जमिनीला टेकतं तो बिंदू त्या रेघेच्या जितका मागे, तितका ट्रेल. हिशोब असा: चाकाची त्रिज्या गुणिले रेकचा साईन, त्यातून आस आणि चाकाच्या मध्यातलं अंतर वजा, भागिले रेकचा कोसाईन. उदाहरणाला १९ इंची रिम धरा, टायरसकट त्रिज्या ३३ सेंमी, मानेचा कोन २७ अंश, अंतर ५ सेंमी. ट्रेल येतो साधारण ११ सेंमी. गाडी व्यवस्थित चालते.

आता काकांच्या पद्धतीने मान ४५ अंशांवर न्या, बाकी सगळं तेच. ट्रेल होतो २६ सेंमी. हायवेला गाडी रुळावर असल्यासारखी सरळ जाईल, पण बर्डीवर व्हेरायटी चौकात सिग्नलला हळू झालात की हँडल स्वतःच एका बाजूला कोसळायला पाहील. इतवारीतल्या गल्लीत तर वळवायची गोष्टच नको, खाली उतरून ढकलावी लागेल.

आता तुमच्या पद्धतीने मान २७ अंशांवरच ठेवा आणि टी ७ अंशांचा बनवा. फोर्क ८० सेंमीचा धरला तर चाक आसापासून आणखी पावणेदहा सेंमी पुढे जातं. ट्रेल उरतो जवळपास शून्य. दिसायला मस्त चॉपर, आणि ४०च्या स्पीडला एक खड्डा लागला की हँडल थरथरून हातातून जाणार. लोक कोनाचा टी ऑनलाइन मागवतात, लावतात आणि फोटो टाकतात. चालवल्याचा व्हिडिओ टाकत नाहीत.

बरोबर मार्ग या दोन्हींच्या मधला आहे: मान ३५ अंश, टी ५ अंश. त्याच फोर्कवर फोर्कचा कोन ४० दिसतो आणि ट्रेल साडेआठ सेंमीच्या आसपास राहतो. म्हणजे दोन्ही गोष्टी हव्यात. आणि मान बदलायचीच तर ती पाहा 'बुलेटवेडा' यांनी सांगितलेल्या जागी येऊन अडकते.

संत्रानगरीकर

दादा, हा हिशोब मी काकांना कागदावर करून दाखवला. आधी म्हणाले, "आम्ही नॅरोगेजचं इंजिन उभं केलं, आम्हाला साईन-कोसाईन नको सांगू." मग पाच मिनिटांनी चष्मा मागितला आणि स्वतः परत मांडून पाहिला. आता त्यांनी मानेचा विषय बंद केला आहे, पण तोंड पाडून बसले आहेत.

म्हणजे चालती गाडी होणारच नाही का? अशी सरळ 'नाही' कोणी म्हणून टाका, मी त्यांना सांगतो.

बुलेटवेडा

काकांच्या एमएच-३१ वर? नाही.

जुनी_पेटी

मी जरा वेगळं सांगतो. मी मोटारसायकलवाला नाही, जुने सिनेमे जमवतो.

आधी प्रतिकृती कशाची, हे ठरवा. ऑक्टोबर २०१४ मध्ये एक 'कॅप्टन अमेरिका' लिलावात साडेतेरा लाख डॉलरला गेली आणि ती खरी की नाही यावरून लगेच वाद पेटला. शेवटच्या दृश्यात मोडलेली गाडी नंतर दुरुस्त केली, असा तिचा इतिहास सांगितला जातो. मिलवॉकीत हार्ले-डेव्हिडसनच्या म्युझियममध्ये आहे तीही प्रतिकृतीच. म्हणजे ज्या मापांवरून तुम्ही भांडून राहिलात, ती बहुतेक कुठल्यातरी आधीच्या प्रतिकृतीची मापं आहेत. एकमेकांशी जुळणार कशी? तुम्ही सिनेमाच्या फ्रेम थांबवून, चाकाच्या व्यासावरून बाकीची लांबी काढा. पुढचं चाक २१ इंची आहे, ते पट्टी म्हणून वापरा. गाडी कॅमेऱ्याला आडवी असते अशीच फ्रेम निवडा, नाहीतर लांबी चुकेल.

आणि सिनेमावाले स्वतः तरी कुठे इतके काटेकोर असतात? १९६३ च्या 'द ग्रेट एस्केप'मध्ये स्टीव्ह मॅक्वीन जर्मन सैन्याची म्हणून जी गाडी पळवतो ती ब्रिटिश ट्रायम्फ टीआर६, वरून रंग मारलेली. कुंपणावरची उडीही त्याने नाही, बड एकिन्सने मारली. कोणाचं काही अडलं नाही.

तेव्हा माझं मत, बुलेट बुलेटच राहू द्या. रविवारी काका तीच घेऊन फुटाळ्याला जातील. चॉपर वेगळी करा, बैठकीत ठेवायला. मग ना आरटीओ, ना ट्रेल, आणि पुढचा ब्रेक नाही तर नाही.

हिंगणा_रोड

+१. उभीच ठेवायची तर ४५ अंश करा, कोण अडवतं. फ्रेम नवीन बनवा, सव्वा इंची पाईप, ३ मिमी जाड, मागून रिजिड (शॉकपशिवाय). तसंही आपल्या सिमेंट रोडच्या प्रत्येक जॉइंटवर रिजिड गाडीने काकांच्या मणक्याची परीक्षा घेतली असती.

इंजिनात खरी मजा आहे. पॅनहेड म्हणजे १२०० सीसीचा व्ही-ट्विन, दोन सिलिंडरांमध्ये ४५ अंश. एका सिलिंडरच्या बुलेटवर कितीही रंग मारला तरी लांबूनच कळतं. बुलेटचे दोन भंगार बॅरल घ्या, खाली पत्र्याचा पोकळ क्रँककेस वेल्ड करा, ४५ अंशात बसवा. रॉकर कव्हरसाठी ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून उलट्या कढईसारखा आकार काढायचा. काकांच्या हाताला ते काम जमेल, आणि मला वाटतं त्यांना आवडेलही.

चालतं इंजिनच हवं असा हट्ट असेल तर भिलाईला कार्बेरी म्हणून आहेत. ते एन्फिल्डच्या वाटेने १००० सीसीचा व्ही-ट्विन बनवत आले आहेत. नागपूरहून भिलाई म्हणजे एका दिवसात जाऊन-येऊन. पण बैठकीत ठेवायच्या गाडीला एवढा खर्च मी तरी करणार नाही.

बुलेटवेडा

भंगारातून पूर्ण गाडी किंवा नंबर असलेलं इंजिन घेतलं तर पावती घ्याच. मूळ मालकाने कलम ५५ खाली नोंदणी रद्द केली आहे का ते पाहा. कबाडी "सब क्लियर है" म्हणतो, कागद दाखवत नाही. चोरीच्या गाडीचं इंजिन बैठकीत सजवून ठेवलंत तर पाहुण्यांच्या आधी पोलीस येतील.

संत्रानगरीकर

सगळ्यांचे आभार. काकांना 'जुनी_पेटी' यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. चार गाड्यांपैकी तीन चोरीला गेल्या हे त्यांना मी आधीच सांगितलं होतं, पण म्युझियममधलीही प्रतिकृती आहे हे ऐकून एकदम उठून बसले. म्हणाले, "मग आपलीही तेवढीच खरी." कढईचं कव्हर करायला घेतलं आहे. बुलेटची बॅटरी चार्जिंगला लावली, म्हणजे तीही चालू होईल असं दिसून राहिलं.

राहिला एक प्रश्न. फोर्कचे लांब पाईप. उभ्या गाडीला हार्ड क्रोम लागेल की साधं निकल-क्रोम चालेल?

हिंगणा_रोड

आत सील आणि ऑइल नसेल तर साधं निकल-क्रोम पुरे. चालत्या गाडीला मात्र सीमलेस पाईप, हार्ड क्रोम आणि नंतर ग्राइंडिंग हे तिन्ही लागतात. खाणीतल्या मशिनांचे हायड्रॉलिक रॉड दुरुस्त करणाऱ्यांकडे ते काम होतं, आपल्याकडे कोळसा खाणींमुळे असे वर्कशॉप बरेच आहेत. तुम्हाला गरज नाही. पण प्लेटिंगवाल्याकडे जाण्याआधी त्याच्या टाकीची लांबी विचारा. पाईप टाकीत आडवा बसला नाही तर तो अर्धा-अर्धा बुडवून देतो आणि मधे पट्टा दिसतो.

आणि फ्रेम वेल्ड करण्याआधी बैठकीचं दार मोजा. टर्नरच्या शेडमधून बाहेर निघेल, घरात शिरायची नाही.

संत्रानगरीकर

दार मोजलं. सरळ आत येईल, पण व्हरांड्यातून वळवायला जागा नाही. काका म्हणतात फोर्क खोलून आत नेऊ, टीचे बोल्ट बाहेरून लागतील असे ठेवू. फ्रेमचं ड्रॉइंग झालं की इथेच टाकतो, कोन तपासून द्या.