हुशार, शहाणा, बुद्धिमान: फरक नेमका कुठे आहे?

चर्चेसाठी

"एवढा हुशार माणूस, आणि असं कसं केलं त्यानं?" हे वाक्य आपण सगळेच कधी ना कधी बोलतो. हुशारी असली की वागणंही बरोबरच असणार, हे बोलणाऱ्यानं मनात धरलेलं असतं, म्हणून तर आश्चर्य वाटतं. कोशात हुशार, शहाणा, बुद्धिमान, चतुर हे शब्द एकमेकांचे अर्थ म्हणून दिलेले सापडतात. बोलताना मात्र ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत असं मला वाटतं. परीक्षेत, कोड्यांत, वादात सगळ्यांच्या पुढे असलेली व्यक्ती नोकरीत, पैशांत, नात्यांत पुन्हा पुन्हा अडखळते, तेव्हा तिच्याजवळ नेमकं काय कमी असतं? आणि जे कमी असतं त्याला आपल्याकडे शब्द आहे का?

प्रतिसाद

शब्द आहे, आणि तो सापडायला विरुद्धार्थी शब्द लावून बघावेत. हुशारच्या उलट "ढ" किंवा "मठ्ठ". शहाण्याच्या उलट "वेडा" किंवा "मूर्ख". ढ आणि मूर्ख हे दोन वेगळे दोष आहेत. ढ माणसाला समजायला वेळ लागतो, मूर्ख माणूस समजूनही चुकीचं करतो. म्हणूनच "हुशार पण ढ" असं कुणी म्हणत नाही, ते बोलणंच जुळत नाही. "हुशार पण मूर्ख" मात्र सहज म्हणता येतं आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं. त्यासाठी तयार शब्दही आहे: पढतमूर्ख. दासबोधात दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणं सांगितल्यावर समर्थांनी पढतमूर्खासाठी दहावा समास स्वतंत्र ठेवला. हा माणूस बहुश्रुत आहे, व्युत्पन्न आहे, बोलतोही नेमकं, पण दुराशा आणि अभिमान सोडत नाही. त्याच्या समजण्यात खोट काढलेली नाही. खोट आहे ती त्या समजण्याचा स्वतःवर काहीच परिणाम न होण्यात.

मानसशास्त्राला हे वेगळं काढायला बराच वेळ लागला. आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमों यांनी 1905 मध्ये फ्रान्समध्ये जी चाचणी तयार केली, तिचा हेतू मर्यादित होता: शाळेत कोणत्या मुलांना जास्तीची मदत लागेल ते ओळखणं. पुढे त्यातूनच बुद्ध्यांक आला आणि तो आकडा माणसाच्या एकूण योग्यतेचं माप असल्यासारखा वापरला जाऊ लागला. 1993 मध्ये मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी पुरेशी बुद्धी असूनही विवेकानं विचार न करता येणं याला "डिसरॅशनॅलिया" असं वेगळं नाव सुचवलं. ते नाव मराठीत आणायचं तर नवा शब्द घडवायची काहीच गरज नाही.

प्रतिसाद

विरुद्धार्थी शब्दांची कसोटी आवडली. मी क्रियापदांची लावून बघितली.

बुद्धी "चालते", "चालवता येते". इथे ती क्षमता आहे. पण तीच बुद्धी "होते" आणि "सुचते" सुद्धा. "मला तिथे जायची कुठून बुद्धी झाली", "दुर्बुद्धी सुचली", "देव त्याला सुबुद्धी देवो". या वाक्यांत बुद्धी म्हणजे त्या क्षणी मन कुठे वळलं ते. किती आहे याचा इथे प्रश्नच नाही. "मला जायची बुद्धी झाली" म्हणणाऱ्याचा बुद्ध्यांक आदल्या दिवशी जेवढा होता तेवढाच त्या दिवशीही होता.

न्यूटनचं उदाहरण घ्या. 1720 मध्ये इंग्लंडमधल्या साऊथ सी या व्यापारी कंपनीचे शेअर चढत होते. त्यानं आपले शेअर वेळेवर विकून नफा पदरात पाडला होता. भाव आणखी चढला, लोक श्रीमंत होताना दिसले, आणि त्याला चढ्या भावात पुन्हा खरेदी करायची बुद्धी झाली. मग भाव कोसळला आणि त्याचं मोठं नुकसान झालं. त्याच्याइतकी गणिती बुद्धी त्या काळात दुसऱ्या कुणाकडे होती असं म्हणणं कठीण आहे. त्यानं घेतलेला पहिला निर्णयही बरोबर होता. पहिल्या अर्थाची बुद्धी शाबूत होती, दुसऱ्या अर्थाची वळली.

"अक्कल" या दोन्हींपेक्षा वेगळी. ती "येते", आणि बहुतेक वेळा नुकसान झाल्यावरच येते. म्हणून अक्कलखाती जमा असा हिशेबाच्या वहीतला शब्द बोलण्यात रुळला, आणि उशिरा येणारी दाढ ती अक्कलदाढ. अक्कल जन्मजात असते असं मराठी माणूस धरून चालत नाही. ठेच लागते, मग ती येते. अर्थात ठेच लागूनही ज्यांना ती येत नाही असे हुशार लोक पुष्कळ आहेत. झालेल्या चुकीचं सुसंगत स्पष्टीकरण लगेच तयार करता येणं हीसुद्धा बुद्धीचीच करामत, आणि असं स्पष्टीकरण हाताशी असलं की शिकायचं काही उरत नाही. बुद्धीची ही मर्यादा मला सगळ्यात गंभीर वाटते.

प्रतिसाद

थोडा आक्षेप. या सगळ्यातून "बुद्धीला काही किंमत नाही" असा सूर निघू नये. नवं काम पटकन आत्मसात करणं, गुंतागुंतीचा मजकूर समजणं, चूक कुठे आहे हे शोधणं यांत बुद्धीचा उपयोग होतो, आणि शाळेतल्या गुणांशी तर बुद्ध्यांकाचा चांगलाच संबंध दिसतो. "नुसत्या हुशारीनं काय होतंय" हे वाक्य पुष्कळदा ज्यांना अभ्यास नकोसा वाटतो तेच म्हणतात.

प्रतिसाद

आक्षेप रास्त आहे, आणि त्यासाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांच्याकडेच बघायला हवं, कारण बुद्ध्यांकावर त्यांच्याइतका विश्वास क्वचितच कुणी ठेवला असेल. त्यांनी 1921 पासून कॅलिफोर्नियातली दीड हजारांवर अतिशय उच्च बुद्ध्यांकाची मुलं निवडली आणि त्यांच्या आयुष्याचा पाठपुरावा सुरू केला. एकूण गट चांगला पुढे गेला, म्हणजे तुमचं म्हणणं तिथे खरं ठरतं. पण त्याच गटातले सर्वांत यशस्वी ठरलेले 150 पुरुष आणि सर्वांत मागे राहिलेले 150 पुरुष यांची तुलना केली, तेव्हा त्यांच्या बुद्ध्यांकात फारसं अंतर निघालं नाही. अंतर होतं ते चिकाटीत, आत्मविश्वासात, एका ध्येयाकडे सातत्यानं जाण्यात, आणि घरच्या परिस्थितीतही. शिवाय विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ या दोन मुलांना निवडीत घेतलंच नव्हतं. शॉकली यांना 1956 मध्ये आणि अल्वारेझ यांना 1968 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

म्हणजे एका टप्प्यापर्यंत बुद्धी वाट उघडून देते. त्यापुढे माणूस कुठवर जाईल हे ती एकटी ठरवत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाचं उदाहरण मेंदूतज्ज्ञ अंतोनिओ दमासिओ यांनी नोंदवलेल्या एका रुग्णाचं आहे. मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ काढल्यावर त्याचा बुद्ध्यांक सरासरीच्या वरच राहिला. स्मरणशक्ती, भाषा, आकडेमोड सगळं ठीक होतं. कामावर त्याला कागदपत्रं लावायला दिली की तो त्यातला एखादा कागद काळजीपूर्वक वाचत दिवस काढायचा, नाहीतर तारखेप्रमाणे लावावेत, आकाराप्रमाणे की विषयाप्रमाणे, यावर दुपारभर विचार करत बसायचा. कुठे जेवायला जायचं हे ठरवायला तास लागायचे. त्याचा प्रत्येक मुद्दा बिनचूक असे, पण कुठला मुद्दा महत्त्वाचा हेच त्याला जाणवत नसे, कारण भावना जवळपास विझल्या होत्या. नोकरी गेली, पैसा बुडाला, संसार मोडला. या माणसाला हुशार म्हणावंच लागेल. ढ तर तो मुळीच नव्हता, आणि त्याला मूर्ख म्हणणं अन्यायाचं होईल. त्याच्याकडून जे गेलं त्याला माझ्या मते "तारतम्य" हाच शब्द आहे: "तर" आणि "तम" हे संस्कृत प्रत्यय, म्हणजे दोहोंत अधिक कोणतं आणि सर्वांत अधिक कोणतं हे ओळखणं.

प्रतिसाद

तारतम्य अगदी चपखल. त्यात आणखी एक जोडतो. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, पहिल्याच अध्यायात, प्रज्ञापराधाची व्याख्या आहे. धी, धृती आणि स्मृती ढळल्यावर माणूस जे अहितकारक कर्म करतो तो प्रज्ञापराध. धी म्हणजे बरंवाईट ओळखणं, धृती म्हणजे अहिताकडे धावणाऱ्या मनाला आवरणं, स्मृती म्हणजे जे खरं कळलं होतं ते ऐन वेळी आठवणं. हे आपल्या चर्चेला किती लागू पडतं बघा. न्यूटनची धी पहिल्या विक्रीत दिसली, पुढे ढळली ती धृती. पढतमूर्ख पाठ केलेलं बोलून दाखवतो, पण वागायच्या वेळी त्याला ते आठवत नाही, म्हणजे स्मृती ढळली. आपण "बुद्धी" म्हणून मोजतो ती बहुतांशी धी, आणि दोष मात्र तिन्हींचे तिच्या माथी मारतो.

धी हुशारीत आली, स्मृती थोडीफार अक्कल या शब्दात आली. धृतीला मात्र आजच्या बोलण्यात एकच शब्द सापडत नाही. "संयम" म्हटलं तर नुसतं थांबणं येतं, "चिकाटी" म्हटलं तर नुसतं धरून ठेवणं येतं, "धीर" वेगळ्याच दिशेला जातो. मनाला एका गोष्टीपासून आवरायचं आणि दुसरीवर टिकवायचं, हे दोन्ही एकत्र सांगणारा बोलीतला शब्द कुणाच्या वापरात असेल तर वाक्यासकट द्यावा.