तीन पिढ्यांची कसोटी लावली, तर अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलची खरी घराणी कोणती?

ओमाहाकर (धागाकर्ता)

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये खानदानी संघ कोणते, असे विचारले की इकडची माणसे सहसा आठ नावे घेतात: अलाबामा, ओहायो स्टेट, मिशिगन, नोटर डेम, ओक्लाहोमा, टेक्सास, यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) आणि नेब्रास्का. ‘ब्लू ब्लड’, म्हणजे निळे रक्त, हा त्यांचा शब्द. ही यादी कुणी, कधी आणि कोणत्या निकषावर केली हे मात्र कुणालाच सांगता येत नाही, आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षे तशीच चालत आली आहे, असे माझे मत आहे.

आपल्याकडे एखाद्या गायकीला घराणे म्हणायचे, तर ती किमान तीन पिढ्या टिकलेली असावी असा संकेत आहे. एक थोर गवई झाला आणि त्याच्या हाताखाली एक थोर शिष्य तयार झाला, एवढ्याने घराणे सिद्ध होत नाही. मी हीच कसोटी इथे लावून पाहिली. पिढी म्हणजे मुख्य प्रशिक्षक. ज्या संघाने किमान तीन वेगवेगळ्या मुख्य प्रशिक्षकांच्या कारकिर्दीत राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तो खानदानी. बाकीच्यांच्या वाट्याला थोर कारकिर्दी आल्या असे म्हणावे, त्यांना घराणे म्हणू नये. विजेतेपदे मोजताना १९३६ पासूनची असोसिएटेड प्रेसची, म्हणजे क्रीडापत्रकारांच्या मतदानाची क्रमवारी आणि १९५० पासूनची प्रशिक्षकांच्या मतदानाची क्रमवारी, एवढेच मी धरले. विद्यापीठे स्वतः जे आकडे सांगतात ते धरले नाहीत, कारण त्यांना धरबंध नाही. अलाबामा १८ विजेतेपदे सांगते. त्यांत १९४१ चेही आहे, आणि त्या वर्षी पत्रकारांच्या अंतिम क्रमवारीत अलाबामाचा क्रमांक विसावा होता.

निकाल असा लागला. ओहायो स्टेट सर्वांत भक्कम ठरली: पॉल ब्राउन, वुडी हेज, जिम ट्रेसल, अर्बन मायर आणि रायन डे, म्हणजे १९४२ पासून २०२४ पर्यंत पाच पिढ्या. नोटर डेमच्या चार. अलाबामा, ओक्लाहोमा, यूएससी आणि मिशिगन यांच्या प्रत्येकी तीन. टेक्सासच्या मात्र दोनच, डॅरेल रॉयल आणि मॅक ब्राउन. त्याउलट ज्यांना कुणी सहसा खानदानी म्हणत नाही त्या मायामी आणि एलएसयू (लुइझियाना स्टेट) यांच्या चार-चार पिढ्या निघाल्या.

राहिली नेब्रास्का. या राज्यात मी १७ वर्षे राहतो, म्हणून हे लिहिताना हात जड झाला. बॉब डेव्हनी यांनी १९७० आणि १९७१ अशी दोन विजेतेपदे मिळवली. त्यांनीच आपल्या हाताखालच्या टॉम ऑस्बर्न यांना गादीवर बसवले, आणि ऑस्बर्न यांनी २५ हंगामांत २५५ सामने जिंकून १९९४, १९९५ व १९९७ ची विजेतेपदे आणली. पुढे काही नाही. साध्या परिषदेचे, म्हणजे संघ ज्या गटात नेहमी खेळतो त्याचे, शेवटचे अजिंक्यपदही १९९९ चे आहे. थोर गवई आणि त्याचा थोर शिष्य, यापलीकडे ही परंपरा गेली नाही. माझ्या मते नेब्रास्काचे नाव यादीतून काढावे.

अ‍ॅनआर्बरवासी

माझा संघ, मिशिगन, आपल्या यादीत बसतो, तरीही आपली कसोटी मला मान्य नाही. तिचा सगळा भार मतदानावर आहे, आणि ते मतदान किती तकलादू होते हे आपण सांगितलेच नाही. १९६४ च्या हंगामात पत्रकारांनी बोल सामन्यांच्या, म्हणजे हंगामानंतरच्या निमंत्रितांच्या सामन्यांच्या, आधीच कौल दिला. पुढे ऑरेंज बोलमध्ये टेक्सासने अलाबामाला २१–१७ असे हरवले, पण विजेतेपद अलाबामाकडेच राहिले. १९९७ मध्ये पत्रकारांनी मिशिगनला निवडले, प्रशिक्षकांनी नेब्रास्काला, आणि हे दोन संघ त्या वर्षी एकमेकांसमोर आलेच नाहीत. अशा कौलांवर आपण घराणी ठरवणार?

बो शेंबेक्लर यांचे उदाहरण घ्या. मिशिगनमध्ये २१ हंगाम, १९४ विजय, बिग टेन या परिषदेची १३ अजिंक्यपदे, आणि राष्ट्रीय विजेतेपद एकही नाही. आपल्या हिशेबात ही पिढीच नव्हे! १९७२ ते १९७४ या तीन वर्षांत त्यांच्या संघाने ३० सामने जिंकले, दोन हरले, एक बरोबरीत सोडवला, आणि तरी तो संघ एकाही बोल सामन्याला जाऊ शकला नाही, कारण तेव्हा बिग टेनमधून एकच संघ पाठवण्याचा नियम होता. १९७३ चा ओहायो स्टेटविरुद्धचा सामना १०–१० असा सुटल्यावर रोझ बोलला कोण जाणार, हे परिषदेतील विद्यापीठांच्या क्रीडा संचालकांनी मतदान करून ठरवले, आणि त्यांनी ओहायो स्टेटला पाठवले. त्या मतदानाची सल अ‍ॅन आर्बरमध्ये आजही ऐकू येते.

मोजायचेच असेल तर मैदानात मिळवलेले विजय मोजावेत. एक हजार विजयांचा टप्पा सर्वांत आधी मिशिगनने गाठला, नोव्हेंबर २०२३ मध्ये.

कोलंबसकर

ताई, एकूण विजय मोजणे म्हणजे वय मोजणे. मिशिगन १८७९ पासून खेळते आहे. १९०१ च्या हंगामात तिने ५५० गुण केले आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण करू दिला नाही. यावरून मिशिगनची थोरवी जेवढी कळते, तेवढीच समोरच्यांची अवस्थाही कळते. आणि विजयांची संख्याच प्रमाण मानली, तर ९०० हून अधिक विजय असलेल्या येललाही आजच्या पंक्तीत पाट मांडावा लागेल.

(३० नोव्हेंबर २०२४ रोजी आमच्याच, म्हणजे ओहायो स्टेटच्या, मैदानावर मिशिगनने आम्हाला १३–१० असे हरवले, हे कुणी आठवण करून देण्याआधी मीच सांगतो. राष्ट्रीय विजेतेपद त्याच हंगामात आम्ही घेतले, हेही सांगतो.)

पुण्याचा वाचक

मी न्यू हेवनला दोन वर्षे होतो, म्हणून येलचे नाव निघताच लिहावेसे वाटले. येलला पंक्तीत बसवण्यात हसण्यासारखे काय आहे? हा खेळ ज्या नियमांमुळे रग्बीपासून वेगळा झाला, ते रेषेवरून चेंडू सुरू करणे आणि ठरावीक प्रयत्नांत ठरावीक अंतर कापणे, हे मुख्यतः येलच्या वॉल्टर कॅम्प यांचे काम. येल आणि प्रिन्स्टन मागे पडले ते केवळ खेळ विसरल्यामुळे नव्हे. आयव्ही लीगच्या विद्यापीठांनी खेळाडूंना खेळासाठी शिष्यवृत्ती न देण्याचे ठरवले, आणि मोठ्या स्पर्धेचा मार्ग त्यांच्यापुरता बंद झाला.

आपल्या होळकर संघाची गोष्ट अशीच आहे. सी. के. नायडूंच्या त्या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. संस्थान गेले, आश्रय गेला, संघही गेला. आज त्याला कुणी बलाढ्य म्हणणार नाही, पण ‘ऐतिहासिक’ या शब्दातून त्याला वगळणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. धाग्यात ‘आजचे’ आणि ‘ऐतिहासिक’ यांची सरमिसळ होते आहे.

ऑस्टिनकर

ओमाहाकर, आपली कसोटी ऐकायला सुरेख आहे. पण तिने टेक्सासला बाहेर ठेवून मायामीला आत घेतले, तेव्हाच तिच्यात कुठेतरी खोट आहे हे आपल्या लक्षात यायला हवे होते.

मायामीच्या चार पिढ्या म्हणजे हॉवर्ड श्नेलेनबर्गर १९८३, जिमी जॉन्सन १९८७, डेनिस एरिक्सन १९८९ व १९९१, आणि लॅरी कोकर २००१. पहिल्यापासून शेवटच्या विजेतेपदापर्यंत अंतर १८ वर्षांचे. श्नेलेनबर्गर यांनी दक्षिण फ्लोरिडातील शाळांमधली मुले घराजवळच खेळवायची हे धोरण आखले, आणि पुढचे सगळे त्याच झऱ्याचे पाणी प्याले. माणसे बदलली, कारण व्यावसायिक संघ त्यांना उचलून नेत होते. जॉन्सन डॅलसला गेले, एरिक्सन सिॲटलला. हात चार असले तरी पीठ एकच होते. एलएसयूचेही तेच. निक सेबन २००३ चे विजेतेपद मिळवून वर्षभराने निघून गेले, आणि लेस माइल्स यांनी २००७ मध्ये जे जिंकले त्यात सेबन यांनी जमवलेल्या खेळाडूंचा मोठा वाटा होता.

आता टेक्सास पाहा. रॉयल यांची विजेतेपदे १९६३, १९६९ आणि १९७० ची. त्यानंतरचे थेट २००५ चे, मॅक ब्राउन यांचे. मधल्या ३५ वर्षांत खेळ बदलला, परिषद बदलली, रॉयल यांच्या काळातला एकही माणूस मैदानात उरला नाही, आणि तरीही तेच विद्यापीठ पुन्हा शिखरावर पोहोचले. याचा अर्थ सामर्थ्य व्यक्तीचे नव्हते, संस्थेचे होते. आपल्याला हेच सिद्ध करायचे होते ना? मग नुसती डोकी मोजू नका, त्यांच्यामधला काळ मोजा.

नेब्रास्काबद्दल एकच सांगतो. सुमारे वीस लाख लोकसंख्येच्या राज्यात १९६२ पासून घरच्या प्रत्येक सामन्याची तिकिटे संपतात, आणि सामन्याच्या दिवशी ते मैदान राज्यातले तिसरे मोठे शहर होते. हे आपल्या तक्त्यात कुठे बसते?

अटलांटाकर

सगळेजण १९३६ पासूनचा काळ एकसंध असल्यासारखे बोलत आहेत, याचे मला आश्चर्य वाटते. दक्षिणेतील विद्यापीठांचे बहुतेक संघ १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत, काही तर त्याही पुढे, फक्त गोऱ्या मुलांचे होते. १९६९ चा विजेता टेक्सास संघ पूर्णपणे गोऱ्यांचा होता. एलएसयूचा १९५८ चा संघही तसाच.

त्याच लुइझियाना राज्यात ग्रॅम्बलिंग हे कृष्णवर्णीयांचे विद्यापीठ आहे. तिथे एडी रॉबिन्सन यांनी १९४१ पासून १९९७ पर्यंत प्रशिक्षण दिले आणि ४०८ सामने जिंकले. बक ब्यूकॅनन हा त्यांचा खेळाडू बर्मिंगहॅममध्ये, म्हणजे अलाबामा राज्यातच वाढलेला. पण अलाबामा विद्यापीठाच्या संघाचे दार त्याला बंद होते, म्हणून तो ग्रॅम्बलिंगला गेला, आणि १९६३ च्या हंगामासाठी एएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू निवडीत सर्वांत पहिले नाव त्याचे पुकारले गेले. अलाबामाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांच्या १९६१ च्या विजेत्या संघाला अशा खेळाडूंशी कधी दोन हात करावे लागले नाहीत, आणि पत्रकारांच्या क्रमवारीत ग्रॅम्बलिंगला कुणी विचारातही घेतले नाही. सप्टेंबर १९७० मध्ये यूएससीचा मिश्र संघ बर्मिंगहॅमला आला आणि त्याने अलाबामाला ४२–२१ असे हरवले. त्या रात्री यूएससीच्या सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूने जे केले त्याने दक्षिणेतल्या अनेकांचे डोळे उघडले असे सांगतात. अलाबामाने कृष्णवर्णीय खेळाडूला शिष्यवृत्ती त्याआधीच दिलेली होती, त्यामुळे ही कथा थोडी रंगवलेलीही आहे. तरी काळाची रेषा तिथेच पडते. ज्या शर्यतीत निम्म्या घोड्यांना उभेच राहू दिले नाही, त्या शर्यतीचे करंडक मोजून आपण खानदान ठरवतो आहोत. आणि ‘रक्त’ हा शब्दही तोच वापरतो आहोत.

ओमाहाकर (धागाकर्ता)

ऑस्टिनकरांचा मायामीबद्दलचा आक्षेप मान्य. तीन पिढ्यांसोबत पहिल्या आणि शेवटच्या विजेतेपदात किमान ३० वर्षांचे अंतर हवे, अशी दुरुस्ती करतो. म्हणजे मायामी बाहेर. टेक्सासला मात्र आत घेणार नाही. दीर्घ काळाने एकदा पेटलेला दिवा म्हणजे अखंड ज्योत नव्हे. मिशिगनच्या ताईंना एवढेच म्हणेन की शेंबेक्लर यांच्यावर अन्याय झाला हे खरे, पण त्यांच्या संघाने जे बोल सामने खेळले त्यांतही ते जास्त वेळा हरले.

अटलांटाकरांच्या प्रतिसादाने मला जास्त वेळ अडवून ठेवले. काल रात्री मी १९३६ ऐवजी १९७० नंतरचीच विजेतेपदे धरून, ३० वर्षांची अट बाजूला ठेवून पुन्हा मोजणी केली. ओहायो स्टेट टिकते: ट्रेसल, मायर, डे. अलाबामा टिकते: ब्रायंट, स्टॉलिंग्ज, सेबन. नोटर डेम टिकते: पार्सेगियन, डिव्हाइन, होल्ट्झ. यूएससी टिकते: मकेय, रॉबिन्सन, कॅरोल. ओक्लाहोमाचे स्वित्झर आणि स्टूप्स असे दोनच उरतात, आणि सलग ४७ सामने जिंकणारा बड विल्किन्सन यांचा १९५० च्या दशकातला संघ हिशेबाबाहेर जातो. मिशिगनचेही कार आणि हार्बॉ असे दोनच. म्हणजे जुन्या आठांतले निम्मे गळतात, आणि एलएसयू व मायामी पुन्हा दारात येऊन उभे राहतात. हे मला अपेक्षित नव्हते, आणि माझ्याच नव्या दुरुस्तीशी त्याचा मेळ कसा घालावा हे अजून सुचलेले नाही.

नेब्रास्काची तिकिटे खरोखरच माझ्या तक्त्यात बसत नाहीत. त्या गर्दीत मी स्वतः लाल सदरा घालून उभा असतो. पण १९३६ पासून मोजा किंवा १९७० पासून, तिच्या रकान्यात डेव्हनी आणि ऑस्बर्न ही दोनच नावे येतात.