पहिला संगणक म्हणून कमी किमतीचा डेस्कटॉप घ्यावा का?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझ्या भाचीने यंदा सांगलीत संगणक अभियांत्रिकीच्या पदविकेला प्रवेश घेतला आहे आणि तिच्यासाठी घरातला पहिला संगणक घ्यायचा आहे. मॉनिटर, कीबोर्ड, माउस धरून तीस हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची आमची तयारी आहे. घरातल्या मोठ्यांचे मत लॅपटॉपकडे झुकते. तिचा आग्रह मात्र डेस्कटॉपचा आहे, कारण तिला सुटे भाग स्वतः हाताळायचे आणि बदलून पाहायचे आहेत. सी व पायथनमधील प्रोग्रॅमिंग, ऑनलाइन व्याख्याने आणि मराठी टंकलेखन एवढे काम आहे, आणि संगणक सोबत न्यावा लागणार नाही. या रकमेत डेस्कटॉप घेणे योग्य ठरेल का? आणि घ्यायचा तर नवा, की कार्यालयांतून निघालेला जुना?

जुनी_पेटी

आपल्या भाचीचे म्हणणे बरोबर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तीस हजारांच्या नव्या लॅपटॉपमध्ये किमतीचा मोठा वाटा पडदा, बॅटरी आणि आटोपशीर बांधणी यांतच जातो. प्रोसेसर बहुधा १५ वॉटच्या वर्गातला असतो आणि रॅम (चालू कामाची मेमरी) पुष्कळदा मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य पाटीवरच, डाख देऊन कायमची जोडलेली असते, त्यामुळे पुढे ८ जीबी अपुरी पडू लागली तरी वाढवण्याची सोय राहत नाही.

मोठ्या कंपन्या काही वर्षांनी आपले सगळे संगणक एकदम बदलतात, आणि तेथून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोव्हो थिंकसेंटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन ‘रिफर्बिश्ड’ (दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेले) म्हणून मिळतात. त्यांत इंटेलच्या प्रोसेसरची आठवी पिढी ही किमान मर्यादा धरावी. विंडोज ११ ला अधिकृत मान्यता साधारणपणे त्या पिढीपासून पुढे आहे, आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. सहाव्या-सातव्या पिढीचे संगणक फार स्वस्त दिसतात त्यामागे हेही एक कारण आहे. कोअर आय५-८५०० हा २०१८ सालचा सहा कोअरचा (म्हणजे सहा गणनकेंद्रांचा), ६५ वॉटचा प्रोसेसर तिच्या अभ्यासक्रमाला सहज पुरेल. मॉनिटरसह सारा संच आपल्या रकमेत बसावा.

पैसे देण्यापूर्वी दुकानातच संगणक सुरू करून बायोस (संगणक सुरू होतानाच चालणारा मूळ प्रोग्रॅम) उघडून पाहावे. जुन्या कंपनीचा पासवर्ड तसाच राहिलेला असेल, तर तो काढणे नवख्या माणसाला जमत नाही. एसएसडी (फाइली साठवणारा भाग) किती वापरली गेली आहे, हे क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमने दिसते.

सुटे_भाग

वरील सल्ला काटकसरीच्या दृष्टीने उत्तम आहे, परंतु ‘सुटे भाग बदलून पाहायचे आहेत’ ही अट त्यात मागे पडली, असे मला वाटते. ऑप्टिप्लेक्सच्या अनेक मॉडेलांत एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारी पेटी) आणि मदरबोर्ड यांची जोडणी कंपनीच्या स्वतःच्या घडणीची असते, म्हणून बाजारातला सर्वसाधारण भाग तेथे सरळ बसत नाही. त्याऐवजी सुटे भाग आणून नवा संगणक जुळवावा. त्यासाठी एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घेतला, तर सहा कोअर, बारा थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे) आणि कामापुरते ग्राफिक्स (पडद्यावर चित्र उमटवणारा भाग) त्यातच मिळते, वेगळे कार्ड लागत नाही. तो मदरबोर्डवरील ज्या एएम४ सॉकेटवर (प्रोसेसरच्या खाचेवर) बसतो, त्याच सॉकेटसाठी २०१७ पासून अनेक वर्षे रायझन येत राहिले. त्यामुळे आज साधा प्रोसेसर घेऊन उद्या त्याच मदरबोर्डवर आठ कोअरचा ५७००एक्स बसवता येतो.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो. या प्रोसेसरमधील ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरते, म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. डीडीआर४-३२०० या प्रकारच्या रॅमची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती पुरवते, तर दोन पट्ट्या वेगवेगळ्या चॅनलवर (माहितीच्या मार्गांवर) बसवल्यास हा आकडा ५१.२ होतो. तसेच कॅबिनेटसोबत येणाऱ्या बिननावाच्या एसएमपीएसवर भागवू नये, कारण तो बिघडला तर सोबत इतर भागही नेऊ शकतो.

नवशिक्या आणि हौशी यांना एकच स्वस्त यंत्र आवडावे, यात नवल नाही. ब्रिटनमध्ये १९८१ साली आलेला सिंक्लेअर झेडएक्स८१ स्वतः जोडण्यासाठी ४९.९५ पौंडांना, तर तयार स्वरूपात ६९.९५ पौंडांना मिळत असे. त्यात अवघी १ केबी मेमरी होती, आणि ती वाढवण्यासाठी लोक मागच्या बाजूला १६ केबीचा जोड लावत असत. थोड्या पैशांत सुरुवात करून यंत्र समजत जाईल तसे वाढवत नेणे, हे आकर्षण तेव्हापासूनचे आहे.

जुनी_पेटी

जोडणीचा आक्षेप मान्य आहे. मात्र २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव फार चढले आहेत, कारण उत्पादकांची क्षमता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडे वळली आहे. जुन्या संगणकात १६ जीबी बसवलेलीच मिळते, तर नव्या जुळणीत तेवढ्याच रॅमला अंदाजपत्रकाचा मोठा घास लागतो. तीस हजारांची मर्यादा पक्की असेल, तर आजच्या घडीला मी जुन्याकडेच जाईन.

वीज_आणि_दिवे

लॅपटॉपला बॅटरी असते, डेस्कटॉपला नसते. म्हणून ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसचा खर्च आरंभीच धरावा. काम जतन करून संगणक नीट बंद करण्याइतकी काही मिनिटे त्याने मिळतात. घरातले अर्थिंगही एकदा तपासून घ्यावे.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भाचीने सर्व प्रतिसाद वाचले आणि रॅमच्या भावांमुळे जुना संगणक घ्यायचे आम्ही ठरवले आहे. तिचा प्रश्न असा, की लहान आकाराचा घ्यावा की टॉवर (मोठी उभी पेटी)? पुढे ग्राफिक्स कार्ड बसवता येईल का?

सुटे_भाग

तिला टॉवरच घेऊ द्यावा. स्मॉल फॉर्म फॅक्टरच्या, म्हणजे लहान आकाराच्या, अरुंद पेटीत केवळ कमी उंचीची कार्डे बसतात आणि ती निवडक असतात. टॉवरमध्ये पूर्ण उंचीचे कार्ड मावते. कार्ड मात्र असे निवडावे, की ज्याला ७५ वॉटपेक्षा अधिक वीज लागत नाही, कारण तेवढी वीज मदरबोर्डवर कार्ड बसते त्या स्लॉटमधूनच मिळते आणि एसएमपीएसला हात लावावा लागत नाही. जीटीएक्स १६५० ची काही मॉडेले या मर्यादेत बसतात. खरेदीपूर्वी पेटीतली मोकळी लांबी तिने स्वतः पट्टीने मोजावी आणि रॅमच्या किती जागा रिकाम्या आहेत, हेही झाकण काढून पाहावे.