पैनगंगा किनवटला थांबत नाही

‘मराठवाड्याच्या पोटात कोळसाच नाही, मग आपल्याला काय त्याचं?’ असं कोळसा खाणींचा विषय निघाला की आपल्याकडं विचारतात. खरंय, आपल्याखाली काळा पाषाण. पण आपली पैनगंगा किनवट सोडून पुढं यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या कोळसा पट्ट्यातच जाते.

माझी बहीण वणीकडं दिलेली. दाजींच्या विहिरीवर मोटर दिवसभर चालायची. शेजारची कोळशाची खुली खाण खोल गेली तशी मोटर पाऊण तासात हवा ओढायला लागली. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की आजूबाजूचं पाणी तिकडं झिरपतं, अन् खाणवाले ते उपसून नाल्यात सोडतात. कोळशाच्या धुळीनं वेचलेला कापूस काळा पडतो, व्यापारी भाव पाडतो, ते वेगळंच.

खाणीच्या मंजुरीआधी करतात त्या पर्यावरण अहवालात दहा किलोमीटरचा टापू बघतात, पण मोजमाप बहुधा एकाच हंगामाचं, तेही पावसाळा सोडून. ओलिताचा हिशोब त्यावरून कसा लागणार? खाण यायच्या आधीच मे अन् ऑक्टोबरात विहिरीत दोरी सोडून पाणी किती खाली आहे ते तारखेनिशी लिहून ठेवा. दाजींकडं असं काहीच नव्हतं. ‘पाऊस कमी झालाय’ म्हणून त्यांना वाटेला लावलं.